पुणें–नाशिक हमरस्ता : आडव्या नद्या आणि उभी वाट

पुण्याहून नाशिकास जाणारा हमरस्ता आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या पायाखालचा आहे. कोणी त्यावरून कांदा नेला असेल, कोणी बटाटा, कोणी टोमॅटो, कोणी दूध. आणि गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळांच्या शेताचा तुकडाहि त्या रस्त्यानें नेला आहे. इतक्या ओळखीच्या रस्त्याविषयीं लिहिण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. परंतु कांद्याचा मोठा बाजार चाकणासच कां भरला, टोमॅटोचा नारायणगांवासच कां, आणि दोन हजार वर्षांचें जुन्नर शहर या रस्त्यावर न येतां पश्चिमेस बाजूला कां राहिलें, असें विचारलें तर उत्तर सहसा मिळत नाहीं. तें उत्तर जमिनीच्या ठेवणींत आहे, आणि ज्यांच्या जमिनी या रस्त्यालगत आहेत त्यांना तें ठाऊक असणें उपयोगाचें आहे.

सरकारी दप्तरीं हा रस्ता पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० म्हणून नोंदलेला होता व त्याची लांबी १९२ किलोमीटर धरलेली होती. २०१० सालीं देशांतील महामार्गांचे क्रमांक नव्यानें ठरले, तेव्हां तो क्रमांक ६० चा भाग झाला. हा क्रमांक नाशिकाहून पुढें धुळ्यापर्यंत जातो. लोकांनीं मात्र ना पन्नास पाठ केले, ना साठ. पुण्याकडच्यांचा तो 'नाशिक रस्ता' आणि नाशिककडच्यांचा 'पुणा रोड' असाच राहिला आहे. पुण्याच्या बाजूनें निघाल्यास भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर म्हणजे जुनें खेड, पेठ, मंचर, कळंब, नारायणगांव, आळेफाटा, बोटा, घारगांव, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, नांदूर शिंगोटे, सिन्नर आणि नाशिक असा त्याचा क्रम लागतो. पुणें, अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) व नाशिक या तीन जिल्ह्यांतून तो जातो.

आतां जमिनीची ठेवण पाहूं. सह्याद्रि दक्षिणोत्तर पसरला आहे आणि देशावरील सगळ्या नद्या त्याच्या कुशींतून निघून पूर्वेकडे वाहतात. हा रस्ता सह्याद्रीच्या पूर्वेस कांहीं अंतर राखून दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. त्यामुळें डोंगरांतून देशावर उतरणारी प्रत्येक नदी त्याला आडवी येते. पुण्यालगतचीं पात्रें वगळलीं तरी मोशीस इंद्रायणी, चाकणच्या पुढें भामा, खेडास भीमा, कळंबाजवळ घोड, नारायणगांवीं मीना, पिंपळवंडीस कुकडी, घारगांवीं मुळा, संगमनेरास प्रवरा, नाशिकच्या अलीकडे दारणा आणि अखेरीस गोदावरी, अशा दहा नद्या होतात. दोन नद्यांमध्यें डोंगराची सोंड किंवा उंच माळ असावयाचाच. म्हणून या रस्त्याचें स्वरूप चढणें, उतरणें आणि पाणी ओलांडणें, पुन्हा चढणें, असें आहे. भीमा ओलांडली कीं खेडचा घाट. मुळा ओलांडून प्रवरेकडे जातांना चंदनापुरीचा घाट. सिन्नरचें पठार सोडून गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतांना मोहदरीचा घाट.

या दहा नद्यांमध्येंहि एक मोठी वांटणी आहे. हरिश्चंद्रगडापासून पूर्वेकडे जी डोंगररांग निघते ती आळें व बोटा यांच्या दरम्यान या रस्त्याला आडवी येते. तिच्या दक्षिणेकडील सहा नद्यांचें पाणी भीमेंतून कृष्णेस जातें; उत्तरेकडील चार नद्यांचें पाणी गोदावरीस. पुणें व अहिल्यानगर जिल्ह्यांची शीवहि साधारण त्याच बाजूस आहे. मोटारींतून जाणाऱ्यास ही खिंड जाणवतहि नाहीं, परंतु पिकांकडे पाहणाऱ्यास ती ताबडतोब कळते. दक्षिणेस कुकडीच्या कालव्यांखालचा ऊस व द्राक्षांचे मांडव; उत्तरेस मुळेच्या दोन्ही अंगांस संगमनेर तालुक्याचें पठार, जेथें बाजरी, मटकी आणि पावसाची वाट पाहणें हींच मुख्य कामें आहेत.

प्रत्येक नदीचें खोरें हा पूर्वीं एक स्वतंत्र मुलूख असे. भामेचें तें भामनेर, भीमेचें भीमनेर, घोडेचें घोडनेर, मीनेचें मिन्नेर, कुकडीचें कुकडनेर, हीं नांवें म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत अजून येतात. एका नेरांतील माणसाचें येणेंजाणें, सोयरीक, आठवड्याचा बाजार हें सगळें त्याच पाण्याच्या कडेनें वरखालीं चाले. मधला डोंगर ओलांडून शेजारच्या नेरांत जाण्याचें कारण क्वचितच पडे. आणि पावसाळ्याचे चार महिने तर जाणें बहुतेक बंदच.

व्यापारहि तसाच नद्यांच्या दिशेनें चाले. समुद्रावरून माल यावयाचा तो कल्याण, सोपारा या बंदरांत; तेथून घाट चढून देशावर, आणि पुढें पूर्वेस पैठण, तेर अशा शहरांकडे. जुन्नरच्या पश्चिमेस असलेला नाणेघाट हा या वाटेचा दरवाजा होता. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण असून तो जकातीचीं नाणीं टाकण्याचा, असें परंपरेनें सांगतात. त्या जकातीवर व व्यापारावर जुन्नर वाढलें. भोंवतालच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांची संख्या दोनशेंच्या वर जाते, हें त्या शहराच्या संपत्तीचें मोजमाप समजावयास हरकत नाहीं. जुन्नर वसलें तें कोंकण व देश यांना जोडणाऱ्या आडव्या वाटेवर. पुण्याहून नाशिकास जाणारी उभी वाट मोठी होईपर्यंत त्याचे वैभवाचे दिवस सरले होते, आणि ही नवी वाट सपाटीच्या सोयीनें नारायणगांवावरून गेली. जुन्नर बाजूला राहिलें याचें कारण हें.

नद्या ओलांडणें किती कठीण होतें याची एक साक्ष या रस्त्याच्या उत्तर टोकाशींच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यांत त्यानें केलेल्या दानधर्माची यादी दिली आहे, आणि तींत दमण, तापी, डहाणू इकडील नद्यांवर लोकांस फुकट उतरतां यावें म्हणून नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. त्या नद्या या रस्त्यावरील नव्हेत, त्या कोंकण व गुजराथेकडील आहेत. परंतु गाई, जमिनी व सोनें यांच्या बरोबरीनें नदीवरची होडी हें दान म्हणून दगडावर कोरून ठेवावेंसें वाटलें, यावरून प्रवाशाची अडचण काय होती तें समजतें.

मराठेशाहींत उभ्या वाटेला महत्त्व आलें. १६६० सालीं शाइस्तेखान पुण्याकडे आला तेव्हां त्यानें चाकणचा भुईकोट वेढला. फिरंगोजी नरसाळा यानें तो सुमारें दोन महिने लढविला. हा किल्ला डोंगरी नाहीं, मैदानांतला आहे. एवढ्या लहान कोटासाठीं एवढी मोठी फौज अडली याचें कारण पुण्याकडून उत्तरेस जाणारी वाट त्याच्या माऱ्याखालीं होती. पुढें पेशवाईंत पुणें राजधानी आणि नाशिक–त्र्यंबक मोठें क्षेत्र, म्हणून या वाटेवर वर्दळ वाढली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयांत नाशिकजवळ गंगापुरास राहिल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. तरीहि ही वाट बैलांची, घोड्यांची व पालख्यांचीच होती. नदीला उतार असेल तेथें पाण्यांतून जावयाचें. पूर असेल तर होडी, आणि होडी चालत नसेल तर काठावर मुक्काम. मालगाडी सलग हांकतां येईल असा रस्ता तो नव्हता, म्हणून धान्य, मीठ, गूळ यांची वाहतूक बहुतेक बैलांच्या पाठीवरच चाले.

इंग्रजी अमलांत रस्ते खडी–मुरमाचे झाले, घाट रुंद झाले. परंतु या भागाचें नशीब ठरविलें तें रस्त्यानें नव्हे, आगगाडीनें. तेंहि ती येथें न आल्यामुळें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणास फुटला. त्याची एक शाखा बोरघाट चढून पुण्याकडे आली; घाटाचें काम १८६३ त पुरें झालें. दुसरी थळघाट चढून १८६५ त इगतपुरीस पोंचली आणि नाशिकावरून पुढें गेली. दौंड ते मनमाड हा जोडमार्ग १८७८ त सुरू झाला. नकाशावर या तीन रेघा काढून पाहिल्या तर पुणें, कल्याण, नाशिक, मनमाड, दौंड यांचें एक मोठें कडें तयार होतें आणि त्या कड्याच्या पोटांत खेड, आंबेगांव, जुन्नर, अकोलें, संगमनेर व सिन्नर हे तालुके रुळांवांचून राहतात. पुण्याच्या माणसास नाशिकास रेल्वेनें जावयाचें तर कल्याणास नाहीं तर मनमाडास वळसा घालावा लागतो. ज्या मुलखांतून रेल्वे गेली त्या मुलखाचा माल स्टेशनावर जमा होऊं लागला, लासलगांवचा कांदा हें त्याचें उदाहरण. कड्याच्या पोटांतील मुलखाला स्टेशन नव्हतें. त्याला हा रस्ताच स्टेशन झाला.

याचा परिणाम मोटारलॉरी आल्यानंतर दिसला. १९४३ सालीं नागपुरास देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व तींत राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी रस्त्यांची प्रतवारी ठरली. पुढील तीसचाळीस वर्षांत या वाटेवर पक्के पूल, डांबर व बारमाही वाहतूक आली. आतां नदी ओलांडणें ही अडचण राहिली नाहीं. उलट जेथें नदी ओलांडावयाची, तेथेंच बाजार जमूं लागला. पश्चिमेच्या डोंगरापासून नदीच्या कडेनें उतरत आलेली गाडीवाट जेथें हमरस्त्याला मिळते, तेथें खोऱ्यांतील शेतकऱ्याचा माल उतरतो आणि मुंबई, पुणें किंवा गुजराथेकडे जाणारी लॉरी तो उचलते. चाकणास भामा व भीमा या दोन खोऱ्यांचा कांदा–बटाटा आला. मंचरास घोडेच्या खोऱ्याची भाजी आली. नारायणगांवास मीना आणि कुकडी यांच्या मधल्या पट्ट्याचा टोमॅटो आला. संगमनेरास प्रवरेची बागाईत व पठाराचीं कडधान्यें आलीं. बाजार समित्या मागाहून स्थापन झाल्या. त्यांच्या जागा नद्यांनीं आधींच नेमून दिल्या होत्या. या नियमाला पेठ हें गांव थोडा अपवाद आहे. तें खोऱ्यांत नाहीं, खेड घाटाच्या माथ्यावर आहे. सातगांव पठाराचा खरिपाचा बटाटा तेथें रस्त्याला लागतो.

आळेफाट्याची गोष्ट निराळी आहे व ती या रस्त्याच्या इतिहासांत विशेष आहे. येथें कल्याणहून माळशेज घाटानें वर येऊन अहिल्यानगराकडे जाणारा महामार्ग, हल्लींचा क्रमांक ६१, या रस्त्याला काटकोनांत छेदतो. म्हणजे नाणेघाटाची जी जुनी आडवी वाट, तिचाच हा आजचा अवतार, थोडा उत्तरेस सरकलेला. दोन हजार वर्षांपूर्वींची दिशा आणि अलीकडची दिशा या एका चौकांत एकमेकींस भेटतात. फाटा म्हणजे पूर्वीं गांव नव्हे. आळें हें गांव जवळ आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले त्या रेड्याची समाधि त्या गांवीं आहे, अशी श्रद्धा असून वारकरी ती भक्तीनें पाहतात. जनावराची समाधि पूजणाऱ्या गांवाच्या शेजारीं आतां दिवसरात्र इंजिनांचा घोष चालतो.

या रस्त्यानें दुसरेंहि कांहीं वाढविलें. नारायणगांव हें तमाशाच्या फडांचें ठाणें झालें. जत्रेच्या हंगामांत गांवोगांवचे पंच सुपारी देण्यास तेथें येतात. फडाला रोज नवें गांव गांठावें लागतें, तेव्हां तीन जिल्ह्यांच्या वाटा जेथून फुटतात तेथें राहुट्या लावणें सोयीचेंच. त्याच गांवाच्या पूर्वेस खोडद येथें आकाशांतील रेडिओलहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या या परिसरांत विखुरलेल्या आहेत. एका गांवीं ढोलकी आणि दुसऱ्या गांवीं तारकांचा कानोसा, असा योग दुसरीकडे क्वचितच असेल.

रस्ता आला म्हणजे त्याच्याशीं जोडलेलें खोरें सुधारतें, परंतु जें जोडलें गेलें नाहीं तें अधिकच मागें पडतें. १९८० सालच्या शेतकरी आंदोलनाचा आरंभ येथें झाला तो याच कारणानें. त्या वर्षीं जानेवारींत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं भामनेरांतील शेतकरी डोंगराकडील वांद्रे गांवापासून चाकणापर्यंत पायीं चालत आले. अंतर ६४ किलोमीटरचें, आणि मागणी होती ती आपल्या खोऱ्याला पक्का रस्ता मिळावा एवढीच. हमरस्त्यावर कांद्याची पेठ, आणि तिच्याच वरच्या अंगाचा माल चिखलांत रुतलेला, ही स्थिति त्यांस असह्य झाली. पुढें मार्चांत कांद्याच्या भावासाठीं चाकणास याच हमरस्त्यावर शेतकरी बसले आणि 'रस्ता रोको' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. त्या आंदोलनाच्या मागण्यांविषयीं मतभेद असूं शकतील. पण भावाचें भांडण करण्यासाठीं रस्त्यावर बसावें लागलें, कचेरींत जाऊन भागलें नाहीं, यावरून बाजार आणि रस्ता हे एकमेकांत किती मिसळले होते हें दिसतें.

त्यानंतर खोऱ्यांचें रूप पालटलें तें धरणांनीं. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालींच पुरें झालें होतें. दक्षिणेस भीमेवर चासकमान, घोडेवर डिंभें, मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह व येडगांव अशीं धरणें होऊन या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस बारमाही पाणी आलें. डिंभ्याच्या जलाशयांत ज्या गांवाच्या नांवानें तालुका ओळखला जातो तें आंबेगांवच बुडालें, हें आज बऱ्याच तरुणांना ठाऊक नसतें. पाण्यानें ऊस आला, उसांत बिबट्यानें घर केलें, आणि रात्रीं हमरस्ता ओलांडतांना बिबटे वाहनांखालीं सांपडूं लागले. जखमी बिबट्यांसाठीं माणिकडोहास निवारा केंद्र चालतें. चाकणचा पालट याहूनहि मोठा. १९९० नंतर, आणि विशेषतः २००० च्या पुढें, तेथें मोटारींचे कारखाने आले. ज्या शिवारांत कांद्याच्या वखारी होत्या तेथें आतां सुट्या भागांचीं गोदामें आहेत, आणि चाकणचा चौक ओलांडण्यास भाजीच्या टेम्पोला जो वेळ लागतो त्यांत पूर्वीं बैलगाडी खेडापर्यंत गेली असती, असें तेथील लोक म्हणतात. यांत अतिशयोक्ति आहे, पण फारशी नाहीं.

आतां चौपदरीकरणाविषयीं. खेड ते सिन्नर हा मोठा टप्पा चौपदरी करण्याचें काम २०१० नंतरच्या दशकांत झालें. गांवांतून जाणारा जुना रस्ता सोडून खेड, मंचर, नारायणगांव, संगमनेर अशा ठिकाणीं बाह्यवळणें काढलीं गेलीं, घाटांचीं वळणें सरळ केलीं, आणि चाळकवाडी व हिवरगांव पावसा येथें टोलनाके बसले. नाणेघाटाच्या रांजणानंतर जकातीची ही सोय नवीन म्हणतां येत नाहीं. वेळ वांचला यांत शंका नाहीं. नाशवंत मालाला वांचलेला प्रत्येक तास पैशासारखा आहे. पहांटे तोडलेली कोथिंबीर पुण्याच्या किंवा मुंबईच्या बाजारांत ताजी पोंचते ती यामुळेंच.

परंतु बाह्यवळण म्हणजे काय, हें शेतकऱ्यानें नीट समजून घेतलें पाहिजे. जुना रस्ता गांवांत वळे, कारण नदीचा उतार व गांवचा बाजार तेथें होता. नवें बाह्यवळण शेतांतून जातें. ते उंच भरावावर असतें. भरावाच्या वरच्या अंगास पावसाचें पाणी तुंबतें, कारण पूर्वीं जें पाणी शेतांवरून पसरून ओढ्यास जाई, त्याला आतां मोरीच्या एकाच तोंडांतून जावें लागतें. मोरी अरुंद किंवा चुकीच्या जागीं असल्यास एका बाजूचें पीक पाण्यानें कुजतें आणि दुसऱ्या बाजूचा ओढा खरवडून निघतो. ज्याची विहीर एका बाजूस व रान दुसऱ्या बाजूस राहिलें, त्याला जलवाहिनी रस्त्याखालून नेण्यास परवानगी लागते. बैल, नांगर, ट्रॅक्टर पलीकडे नेण्यासाठीं पूर्वीं वीस पावलें जावें लागे; आतां भुयारी मार्ग गांठण्यास मैल–दीड मैल वळसा. जमिनीचा जो तुकडा गेला त्याची भरपाई मिळते. उरलेली जमीन कसण्याचा जो खर्च कायमचा वाढला, तो मोबदल्याचा आंकडा ठरवितांना कोणी आपण होऊन मांडत नाहीं. तो मागावा लागतो, आणि मागण्याची वेळ ठरलेली असते.

ती वेळ कायद्यांत कशी दिली आहे हें थोडक्यांत सांगतों, कारण या रस्त्याच्या बाजूस अद्याप रुंदीकरणें, पूल व जोडरस्ते निघत राहणार आहेत. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालीं घेतली जाते. भूसंपादनाचीं सविस्तर कलमें त्यांत १९९७ सालीं घातलीं गेलीं. प्रथम कलम ३ए ची अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकीं एक देशी भाषेंतील, छापावा लागतो. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आंत सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेतां येते, आणि हरकत घेणाऱ्याचें म्हणणें ऐकून घेणें त्या अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. मोरीची जागा, भुयारी मार्ग, विहिरीचें तुटणें, शेताचे दोन तुकडे होणें हें सर्व लिहून देण्याची वेळ ती हीच. पुढें कलम ३डी ची घोषणा निघाली कीं जमीन सर्व बोजांतून मोकळी होऊन केंद्र सरकारची होते. ३ए नंतर एक वर्षाच्या आंत ही घोषणा झाली नाहीं, तर मूळ अधिसूचना रद्द ठरते. न्यायालयाच्या मनाईहुकुमांत गेलेला काळ मात्र त्या वर्षांत धरीत नाहींत.

मोबदल्यासंबंधीं २०१३ च्या भूसंपादन कायद्याचीं तत्त्वें २०१५ पासून महामार्गांसहि लागू आहेत. बाजारभाव ठरवितांना मुद्रांकासाठीं ठरलेला शासकीय दर आणि आसपासच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकीं जास्त किंमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जी रक्कम अधिक ती धरली जाते. तिला ग्रामीण भागाचा गुणक लागतो, झाडें, विहिरी, बांधकामें यांची किंमत मिळविली जाते आणि त्या सगळ्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. येथें एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे. मुद्रांकाचा खर्च वांचावा म्हणून खरेदीखतांत किंमत कमी दाखविण्याची जी चाल गांवोगांव आहे, तिचा भुर्दंड अशा वेळीं सगळ्या शिवारावर बसतो. कारण सरासरी त्या कागदांवरून निघते, चावडीवर ज्या भावाची चर्चा झाली त्यावरून नव्हे. रक्कम मान्य नसल्यास लवादाकडे जाण्याचा हक्क कलम ३जी मध्यें आहे. ज्यांची जमीन १९९७ ते २०१५ या काळांत गेली त्यांना पूर्वीं दिलासा रक्कम व तिच्यावरील व्याज नाकारलें जात असे. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें नाकारणें घटनाबाह्य ठरविलें आणि २०२५ सालीं तो निर्णय मागील प्रकरणांसहि लागू असल्याचें कायम केलें. ज्यांच्या घरीं त्या काळांतील निवाड्याचे कागद पडून आहेत त्यांनीं ते एकदां वकिलास दाखवावे.

संयुक्त मोजणीच्या दिवशीं शेतावर स्वतः हजर राहावें, हेंहि सांगून ठेवतों. त्या दिवशीं भूमि अभिलेख, कृषि व अन्य खात्यांचीं माणसें येतात व जें दिसेल तें लिहून घेतात. फळझाडांची संख्या व वय, विहीर, जमिनीखालून गेलेली जलवाहिनी, ठिबकाची मांडणी, बांधाचें दगडकाम यांपैकीं जें पंचनाम्यांत लिहिलें गेलें नाहीं त्याचा मोबदला पुढें मिळविणें फार अवघड जातें. जमिनीखालची नळी कोणास दिसत नाहीं. ती आपण दाखविली तरच तिची नोंद होते. सातबाऱ्यावर पीकपाहणी वेळच्या वेळीं झालेली असेल आणि डाळिंबाच्या बागेच्या जागीं बाजरी लिहिलेली नसेल, तर निम्में काम आधींच झालेलें असतें. भावांमधील वाटणी तोंडी असेल तर ती मोजणीपूर्वीं कागदावर आणावी. अन्यथा रक्कम एकाच्या नांवें निघते आणि बाकीच्यांस दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

राहतां राहिला प्रश्न रेल्वेचा. ज्या कड्याच्या पोटांत हे तालुके राहिले, तें कडें छेदून पुणें ते नाशिक सरळ लोहमार्ग टाकण्याची गोष्ट पुष्कळ वर्षांपासून चालू आहे. मोजण्या झाल्या, आणि खोडदच्या दुर्बिणीस गाडीच्या विजेचा उपद्रव होईल म्हणून मार्ग कोठून न्यावा यावर वाद झाला. तो मार्ग चाकण, नारायणगांव, संगमनेर या बाजूनें गेला तर दहाहि नद्यांवर पुन्हा नवे पूल पडतील आणि माल उतरण्याच्या जागा हमरस्त्यापासून स्टेशनाकडे सरकतील. तो फिरवून नेला तर हे तालुके पुन्हा एकदां कड्याच्या आंत राहतील. कोणत्याहि बाजूनें मोजणीच्या खुंट्या आल्या, तरी त्या कोणत्या कायद्याखालीं रोंवल्या जात आहेत हें प्रथम विचारावें. कारण रेल्वेच्या संपादनाचा अधिनियम निराळा आहे, आणि हरकत कोणाकडे व किती दिवसांत द्यावयाची हें त्या त्या अधिसूचनेंतच वाचून पाहावें लागतें.